अंगणातलं इंग्रजी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणाऱ्या ताई बचत गटांच्या समन्वयक आहेत.)

कुणाची कामं आवरली असतील, कुणाची अजून चालू असतील. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल. दर वेळी आपण हप्ता, व्याज, शेळीपालन असं बोलतो. आज विषय वेगळा आहे. पोरांचं इंग्रजी, आणि आपल्या हातातली रांगोळी. या दोन्हींचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

सुरुवात मात्र पैशापासूनच झाली. गेल्या वर्षी फाल्गुनात आमच्या गटाची बैठक होती. कर्जाच्या तीन मागण्या आल्या. एक शेळ्यांसाठी, एक विहिरीवरच्या मोटारीसाठी. तिसरी बाई म्हणाली, "मला पंधरा हजार पाहिजेत. पोरीला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचीय." आपल्या गटात कर्जाचं कारण विचारायची पद्धत आहे, तसं विचारलं. तिची मुलगी तेव्हा गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होती. आई सांगायला लागली, "धडा घडाघडा वाचते. स्पेलिंग गाण्यासारखं म्हणते. पण याचा अर्थ काय विचारलं तर गप्प बसते."

आम्ही विचारलं, "तू अभ्यासाला जवळ बसतेस का?" ती म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही, मग जवळ बसून काय करू? तिनं इंग्रजीचं पुस्तक काढलं की मी उठून चुलीकडं जाते. तिला कळायला नको, आईला काही येत नाही ते."

मैत्रिणींनो, त्यावर बैठकीत कुणी बोललं नाही. कारण असं उठून जाणारी ती एकटी नव्हती. आमच्यातल्या बऱ्याचजणी तेच करत होत्या. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालच्या जूनपासून. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्या आम्हा सगळ्यांच्या वाट्याला ते पाचवीत आलं. कुणाची शाळा सातवीत सुटली, कुणाची दहावीत इंग्रजीच्याच पेपरावर अडली आणि वैशाखात लग्न झालं. आमच्यातली जी बी.ए. झाली, जी आत्ता तुमच्याशी बोलते आहे, तिनंही सगळी इंग्रजी उत्तरं पाठ करूनच पदवी काढली. बँकेत कुणी साहेब इंग्रजीत बोलला की तिचीही जीभ आजही टाळ्याला चिकटते. म्हणजे भीती आईची, आणि ती न बोलता पोरीकडं जाते.

कर्ज आम्ही नाकारलं नाही. पैसा गटाचा आहे, तिचाही त्यावर हक्क आहे. एवढंच म्हटलं, "जूनपर्यंत थांब. तोवर आपण काही करून बघू." काय करायचं ते तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं.

मग चैत्र आला. आमच्या गटातल्या एक आजी दरवर्षी अंगणात चैत्रांगण काढतात. चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, चैत्रगौर बसते तेवढा महिना. सगळ्या घरी ही रीत नसते, म्हणून थोडं सांगते. शेणानं सारवलेल्या जमिनीवर रांगोळीनं मधे गौर काढतात आणि भोवती एकेक चिन्ह. सूर्य, चंद्र, कासव, नाग, गाय, गोपद्मं, हत्ती, मोर, शंख, कमळ, तुळशीवृंदावन, आंबा, केळ, पाळणा, फणी, करंडा. आजींनी त्या दिवशी एकेचाळीस चिन्हं काढली. सकाळची शाळा सुटून पोरं घरी आली होती. ती भोवती बसून विचारत होती, "आजी, हे काय? ते काय?" आजी सांगत होत्या.

आमच्या शाळेतल्या बाई तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा तर चित्रांचा शब्दकोश आहे." मग त्यांनी पोरांना विचारलं, "कासवाला इंग्रजीत काय म्हणतात?" एकानं पुस्तकात पाहिलं होतं तसं वाचल्यासारखं सांगितलं, "टॉरटॉइज." बाई म्हणाल्या, "लिहितात तसं, पण म्हणतात टॉर्टस." ते ऐकून आजीसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, "टॉर्टस. एवढंच होय?" सत्तरी ओलांडलेल्या आजींचा तो पहिला इंग्रजी शब्द असावा.

तिथून आमचं काम सुरू झालं. आठवड्यातून दोन संध्याकाळ, समाजमंदिरासमोरचं अंगण, शाळेतल्या बाई, आम्ही सहा-सात जणी आणि वीसेक पोरं. सामान काय? गटाच्या पैशातून रांगोळी आणि खडू. बाकी गेरू, कोळसा, आणि घरोघरी पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका, कारण त्यांची मागची बाजू कोरी असते.

बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं की ही युक्ती काही नवी नाही. १६५८ साली युरोपात कोमेनियस नावाच्या शिक्षकानं मुलांना लॅटिन शिकवायला चित्रांचं पुस्तक काढलं होतं. चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर आकडा, आणि बाजूला तिचं नाव लॅटिनमध्ये आणि मुलांच्या रोजच्या भाषेतही. आपल्याकडं तर ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढं कोसबाडला, अनुताई वाघांना बरोबर घेऊन, वाडी-पाड्यावरच्या पोरांची शाळा अंगणात नेली. पानं, बिया, शिंपले, दगड हेच त्यांचं शिकवायचं साहित्य. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो, तो शब्द तिथूनच आला. तेव्हा अंगणात बसून शिकणं म्हणजे काही कमीपणा नाही.

आता आम्ही काय काय केलं ते सांगते, आणि काय चुकलं तेही सांगते. आधी चुकलेलं सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

पहिले दोन-तीन आठवडे पोरं खूश होती. तासभर चित्रं काढायची, रंग भरायची, हात-तोंड रंगवून घरी जायची. आम्हीही खूश. एका संध्याकाळी बाईंनी एका मुलाकडं नुसतं लक्ष ठेवलं. तासाभरात तो इंग्रजी शब्द बोलला फक्त चार. बाकी सगळं मराठीत, तेही "माझा खडू दे" म्हणून भांडण. चित्र उत्तम झालं होतं, इंग्रजी काहीच झालं नव्हतं.

दुसरी चूक आमची. ज्याचं चित्र सुंदर, त्याला आम्ही शाबासकी दिली. एकदा तर बक्षीसही काढलं, कंपासपेटी. दुसऱ्या दिवसापासून ज्यांचा हात चित्रकलेत बसत नाही ती पोरं मागं बसायला लागली. इंग्रजीची भीती घालवायला निघालो आणि चित्राची भीती लावून दिली.

तिसरी अडचण मुलग्यांची. पाचवी-सहावीचे दोघं म्हणाले, "रांगोळी बायकांची असते, आम्ही नाही काढणार."

मग आम्ही नियम बदलले. पहिला नियम, आधी तोंड, मग हात. सगळे रंग एकाच पोराजवळ ठेवायचे. ज्याला हवा त्यानं मागायचा, तोही इंग्रजीत. "गिव्ह मी रेड, प्लीज." नाही मागितला तर नाही मिळायचा. तुम्हाला सांगते, रंगासाठी पोर काय वाटेल ते बोलायला तयार होतं. दुसरा नियम, चित्राला नंबर नाही, बक्षीस नाही. चित्र कळलं की झालं. गाय शेळीसारखी दिसली तरी चालेल, ती गाय आहे हे सांगता आलं पाहिजे. तिसरं, मुलग्यांना आम्ही म्हटलं, रांगोळी नको तर कोळशानं ट्रॅक्टर काढा. त्यांनी काढला. मग बाईंनी त्या ट्रॅक्टरच्या चाकांपासून इंग्रजी सुरू केलं. बिग व्हील, स्मॉल व्हील. महिन्याभरात ते दोघं ठिपक्यांच्या रांगोळीला आपण होऊन बसले, कारण तिथं मोजायचं असतं आणि मोजण्यात त्यांना पुढं राहायचं होतं.

ठिपक्यांची रांगोळी आपल्याला सगळ्यांना येते. सात ठिपके सात ओळी. पोरं मोठ्यानं मोजायची, "सेव्हन डॉट्स, सेव्हन लाइन्स." मग एकजण सांगणार, दुसरा रेघ ओढणार. "गो अप. गो डाउन. टर्न लेफ्ट. जॉइन द डॉट्स." डावं-उजवं चुकलं की रेघ चुकते, आणि ते सगळ्यांना दिसतं. वहीत चूक झाली की लाल शाईनं गोल होतो आणि पोर खट्टू होतं. रांगोळीत चूक झाली की हातानं पुसायची आणि पुन्हा ओढायची.

आता यातली खरी गोष्ट सांगते. ती आम्हाला शाळेत कुणी नीट सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती. इंग्रजी आपल्याला अवघड का जातं? नुसते शब्द नवे म्हणून नाही. त्यांची मांडणी वेगळी म्हणून. आपण म्हणतो, "मुलगी आंबा खाते." खाते शेवटी येतं. इंग्रजीत म्हणायचं, "द गर्ल ईट्स द मँगो." खाणं मधे येतं. व्याकरणाचा हा नियम फळ्यावर लिहून दिला तर पोर पाठ करतं आणि विसरतं. आम्ही लग्नपत्रिकेच्या मागं तीन चित्रं काढली. एकीवर मुलगी, एकीवर आंबा, एकीवर उघडलेलं तोंड. मराठी बोलताना तोंडाची चिठ्ठी शेवटी ठेवायची. इंग्रजी बोलायचं झालं की ती उचलून मधे आणायची. बस्स.

एका पोरानं गंमत केली. चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि आंबा पुढं ठेवला. बाई म्हणाल्या, "वाच आता." तो वाचायला लागला, "द मँगो ईट्स द गर्ल." म्हणजे काय, तर आंब्यानं मुलीला खाल्लं! पोरं लोळून हसली. एकीनं लगेच दात असलेला आंबा काढला. आता मराठीत "आंबा मुलगी खाते" म्हटलं तरी आपल्याला कळतं कुणी कुणाला खाल्लं ते. इंग्रजीत तसं नाही. तिथं जागा बदलली की अर्थच फिरतो. त्या दातवाल्या आंब्यानंतर आमच्या पोरांनी ही चूक फार कमी केली.

तसंच "वर", "खाली", "मागे" यांचं. आपण म्हणतो, "झाडाखाली." आधी झाड, मग खाली, आणि दोन्ही जोडून. इंग्रजी म्हणतं, "अंडर द ट्री." आधी खाली, मग झाड. यासाठी आम्ही पाठीला पाठ लावून बसायचा खेळ केला. एकाच्या हातात काढलेलं चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्यानं इंग्रजीत सांगायचं, "ड्रॉ अ हाउस. ड्रॉ अ ट्री बिहाइंड द हाउस. ड्रॉ अ हेन ऑन द हाउस." दुसऱ्यानं ऐकून काढायचं. शेवटी दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची. कोंबडी घरावर बसली की घराखाली गेली, ते लगेच कळतं. गुण द्यायला कुणी लागत नाही.

सुरुवातीला ज्या बाईनं पंधरा हजार मागितले होते, ती या खेळात पहिल्यांदा बसली. बसली म्हणजे आम्ही बसवली. मुलीच्या हातात चित्र, आईच्या हातात खडू. आई म्हणाली, "मला बोलता यायचं नाही." मुलगी म्हणाली, "तुला बोलायचंच नाही, आये. तू फक्त काढ." मुलगी सांगत गेली, आई काढत गेली. हाउस कळलं, ट्री कळलं. "बिहाइंड"ला ती अडली. मुलीनं मराठीत सांगितलं नाही, उठून आईच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बिहाइंड." आईनं झाड घरामागं काढलं. त्यांचं चित्र जुळलं, फक्त विहीर राहिली होती, कारण "वेल" म्हणजे आईला काकडीचा वेल वाटला आणि तिनं तो छान पानाफुलांसकट काढला होता. ती चूक दोघींनी घरी जाऊन आजीला सांगितली म्हणे. आता तो शब्द त्या घरात कुणी विसरणार नाही.

आम्हाला त्या दिवशी एक उमगलं. पोराजवळ बसायला आईला इंग्रजी यावंच लागतं असं नाही. आईनं विचारायचं, ऐकायचं, आणि काढायचं. शिकवायचं काम पोरावर सोपवायचं. जे दुसऱ्याला सांगावं लागतं ते पक्कं होतं. उच्चाराचं काय, असं तुम्ही विचाराल. तेही बरोबर आहे. आमचे उच्चार कच्चे आहेत. त्यासाठी बाई आठवड्याचे दहा शब्द आणि चार वाक्यं आपल्या आवाजात मोबाइलवर पाठवतात. रात्री पोर ते लावतं, आई आणि पोर दोघं मागून म्हणतात. ज्यांच्याकडं चांगला फोन नाही त्या शेजारणीकडं जातात. उच्चार बाईंचा, चित्र आईचं, बोलणं पोराचं, अशी वाटणी आहे.

रंगांची एक गंमत सांगते. आमच्या गटात वाकळ शिवणाऱ्या तिघी आहेत. एकीची जुनी वाकळ आणून अंथरली आणि पोरांना म्हटलं, तुकड्यांचे रंग इंग्रजीत सांगा. रेड, ग्रीन, ब्लू, येलो झालं. मग वाकळवाल्या काकू म्हणाल्या, "हा हिरवा नव्हे, हा पोपटी. आणि हा मोरपंखी. हा आमसुली. हा पारवा." पोरं अडली. इंग्रजीत पोपटीला काय म्हणायचं? बाईंनी "लाइट" आणि "डार्क" हे दोन शब्द दिले, त्यावर बरंच भागलं. पण पोरांना हेही कळलं की आपल्या भाषेत रंगांची केवढी नावं आहेत. निम्मी तर त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळली. इंग्रजी शिकता शिकता मराठीही वाढली. आमच्या गटातल्या मुस्लिम मैत्रिणींनी त्यानंतर मेंदीची नक्षी आणली. लीफ, फ्लॉवर, डॉट, लाइन, असं हातावर काढत काढत मुली शिकल्या. प्रत्येकीच्या घरात काही ना काही हातकाम असतंच. चैत्रांगणच पाहिजे असं नाही.

पावसाळ्यात अंगण गेलं, तेव्हा आम्ही वारली चित्रांकडं वळलो. पालघरकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. तो मान तिथल्या सवाशिणींचा. म्हणजे ही कला मुळात बायकांच्या हातची. पुढं जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणली, जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. लग्नाचा चौक हा त्यांच्या देवाचा विधी आहे, तो आम्ही काढत नाही. पण त्यांची माणसं काढायची रीत आम्ही शिकायला घेतली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. ज्याला अजिबात चित्र येत नाही त्यालाही हे येतं.

वारली चित्रातला माणूस बहुतेक वेळा काहीतरी करत असतो. पाणी आणतो, भात लावतो, नाचतो, झाडावर चढतो. इंग्रजीत आत्ता चाललेलं काम सांगायला यापेक्षा चांगलं काय? "शी इज कॅरिंग वॉटर. ही इज क्लाइंबिंग अ ट्री. दे आर डान्सिंग." पोरांना आम्ही सांगितलं, काल तुमच्या घरात कोण काय करत होतं ते काढा. एकानं आईला काढलं. आई पाणी आणते, आई भांडी घासते, आई गवत कापते, आई भाकरी करते. चार चित्रांत चारही वेळा आईच. बाबा पाचव्या चित्रात, "ही इज स्लीपिंग." त्याचे वडील समोरच उभे होते. ते हसले, पण जरा ओशाळलेही. इंग्रजीचा वर्ग होता, पण त्यातून आम्हाला जे सांगता येत नव्हतं ते पोरानं सांगितलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तेवढं नीट ऐका. या वर्गाला बसता बसता आम्ही बायकाही शिकलो. एका संध्याकाळी आम्ही फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे चित्रासाठी लांबून दाखवायला आणले. हात न लावता, बाजूला ठेवून. प्रत्येक डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा केल्यासारखा. त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणात रंग, वरच्यात इंग्रजी शब्द. लाल रंग म्हणजे सगळ्यात जहाल विष. त्यावर कवटी आणि हाडांचं चित्र असतं आणि लिहिलेलं असतं, "पॉयझन". पिवळा त्याच्या खालोखाल, त्यावरही "पॉयझन". निळ्यावर "डेंजर", म्हणजे धोका. हिरव्यावर "कॉशन", म्हणजे जपून. हिरवा आहे म्हणून निर्धोक असं समजायचं नाही, तेही विषच, फक्त कमी जहाल. पोरांनी चारही चौकोन मोठे काढले, रंगवले, शब्द लिहिले आणि ते चित्र समाजमंदिराच्या भिंतीला लावलं. त्याच रात्री आमच्यातल्या एकीनं घरी जाऊन पाहिलं. लाल चौकोनाचा डबा ज्वारीच्या पोत्याला टेकून ठेवलेला होता. दोन वर्षं तिथंच होता. ती म्हणाली, "रोज बघत होते, पण वाचलंच नव्हतं." तो तिनं तिथून हलवला आणि कुलपात टाकला.

तसंच गोळ्यांच्या पाकिटाचं. काही पाकिटांवर मागच्या बाजूला उभी लाल रेघ असते. ती असली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घ्यायची नाही. आणि मुदत संपायची तारीख कुठं असते, तिच्याआधी इंग्रजीत कोणती तीन अक्षरं असतात, "ई, एक्स, पी", हे पोरांनी आम्हाला चित्र काढून दाखवलं. इंग्रजी म्हणजे नुसते परीक्षेचे मार्क नव्हेत. ते आपल्या घरात, फडताळात, औषधाच्या डब्यात येऊन बसलेलं आहे. आपण ते वाचलं नाही म्हणून ते निघून जात नाही.

आता हिशोब सांगायला हवा, गटाची सवयच आहे ती. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. वीसातली सहा-सात पोरं मधेच यायची बंद झाली. दिवाळीनंतर दोन घरं ऊसतोडीला गेली, त्यांच्याबरोबर तीन लेकरं गेली. त्यांना आम्ही चित्रांच्या वह्या करून दिल्या. एक वही भरून परत आली, दोन आल्या नाहीत. चित्रावरून बोलणारं पोर लगेच मोठा उतारा वाचायला लागतं असंही नाही. वाचायला, लिहायला शाळेतच बसावं लागतं, मेहनत करावी लागते. बाईंचं म्हणणं एवढंच, की आधी तोंडात आलेला शब्द नंतर वाचायला सोपा जातो.

आणि ती मुलगी? तिला परीक्षेत इंग्रजीत साधारणच मार्क मिळाले. पहिली वगैरे आली नाही. पण प्रश्न विचारला की ती आता खाली मान घालत नाही. मोडकंतोडकं का होईना, उत्तर देते. जूनमध्ये तिच्या आईला आम्ही आठवण केली, "पैसे हवे होते ना?" ती म्हणाली, "हवेत. पण शिलाई मशीनला." पोर गावच्याच शाळेत पाचवीला गेली. ज्यांनी आपली मुलं इंग्रजी शाळेत घातली आहेत त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. ज्याचा त्याचा निर्णय. पण कर्ज काढून शाळा बदलली आणि घरी आई तशीच उठून चुलीकडं गेली, तर काय बदललं, एवढा विचार जरूर करा.

जाता जाता, आजच करता येतील अशा तीन गोष्टी सांगते. कागद-पेन्सिल घ्यायची गरज नाही, ऐकून लक्षात राहतील.

एक. उद्या सकाळी दारात रांगोळी काढाल तेव्हा पोराला शेजारी बसवा. काढलेल्या पाच गोष्टींची इंग्रजी नावं त्याला विचारा. त्याला येत नसतील तर म्हणा, शाळेत विचारून ये आणि संध्याकाळी मला सांग. संध्याकाळी विसरू नका, नक्की विचारा.

दोन. रात्री पाटी आणि खडू तुमच्या हातात घ्या. पोरानं इंग्रजीत सांगायचं, तुम्ही काढायचं. चुकलं तर चुकू द्या. आईचं चुकलेलं पाहून पोराला चुकायची भीती राहत नाही.

तीन. घरातल्या फवारणीच्या डब्यावरचा चौकोन आज रात्रीच बघा. हात लावू नका, लांबूनच. रंग कोणता आणि शब्द कोणता ते पोराला वाचायला सांगा, आणि डबा पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवायला घरच्यांना सांगा.

तुमच्या गटात हे करून बघा. तुमच्याकडं भोंडल्याचा हत्ती असेल, नागपंचमीचे भिंतीवरचे नाग असतील, गोधडी असेल, मेंदी असेल. जे असेल ते घ्या. मराठी सोडायची नाही, ती पहिली. इंग्रजी तिच्या शेजारी येऊन बसेल. आणि पोरानं इंग्रजीचं पुस्तक काढलं की आजपासून उठू नका. भाकरी दोन मिनिटं उशिरा झाली तरी चालेल. बसा, आणि विचारा, "हे काय आहे, मला सांग."

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर तुमच्या अंगणात काय काय घडलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.